मागची सीट



गेल्या काही दिवसांत ओळखीच्या तीन-चार घरांतून आम्हाला एकच प्रश्न विचारण्यात आला. "तुमची ती वाकून चालवायची लाल गाडी कुठं गेली? आणि ही बुलेटसारखी आडदांड गाडी कशाला घेतली?" रविवारी विहारात वंदना झाल्यावर चहाचा कप हातात धरून उभ्या-उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून ते एकदा सविस्तर लिहावे असे ठरले. आज आपल्या वस्त्यांतून घरटी एक मोटारसायकल आहे. ती घेताना घरातल्या किती जणांना विचारले जाते, हा विषय कुटुंबाच्या पानावर यायला हरकत नसावी.

हा लेख आम्ही नवरा-बायकोने मिळून लिहिला आहे. आमच्यातला एक गाडी चालवतो, दुसरी मागे बसते. सोयीसाठी लेखात एकाला 'चालक' म्हणू आणि दुसरीला 'मागची'. हा दुसरा शब्द तिनेच सुचवला. त्यात विनोद किती आणि रुसवा किती, हे वाचकांनी ठरवावे.

लाल गाडी

ती आम्ही २०१६ साली घेतली. दीडशे सीसीची, शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी, टाकीवर छाती टेकवून चालवायची. कंपनीचे नाव सांगत नाही. गाडीत खोट नव्हती. खोट असेल तर आमच्या निवडीत होती.

ज्या वडीलधाऱ्यांना या गाड्यांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी आपल्या रस्त्यांवर बजाजची स्कूटर, राजदूत, येझदी आणि मद्रासची बुलेट एवढीच काय ती मिजास होती. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली आणि 'पिकअप' हा शब्द पोरांच्या तोंडी रुळला. पुढे १९९९ मध्ये हीरो होंडाची सीबीझेड, २००१ मध्ये बजाजची पल्सर, २००३ मध्ये करिझ्मा आणि २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली. या शेवटच्या गाडीने शर्यतीच्या मैदानावरची बैठक नोकरदाराच्या पोराच्या आवाक्यात आणून ठेवली. तिच्या मागोमाग त्या धाटणीच्या आणखी गाड्या निघाल्या. आमची त्यांतलीच एक.

पण वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्या, छत्तीस वर्षांच्या, एका मुलाच्या बापाने असली गाडी का घ्यावी? याचे उत्तर एका सायकलीत आहे.

चालकाच्या वडिलांकडे एक काळी सायकल होती. गाव सांगत नाही; असे गाव प्रत्येक वाचकाला आपापले ठाऊक आहे. बुद्धवाड्यातून सडकेला लागायचे तर मधल्या गल्लीतून जावे लागे, आणि त्या गल्लीत दोन्ही अंगांना मोठ्यांचे ओटे होते. तिथे आले की वडील सायकलवरून उतरत, हँडल धरून चालत गल्ली पार करत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा टांग टाकत. कुणी हटकत नसे. हटकण्याची वेळच येऊ द्यायची नाही, असा तो रिवाज होता. पुढच्या दांडीवर बसलेल्या पोरालाही खाली उतरावे लागे. त्या पोराने १९८०च्या दशकात ती गल्ली किती वेळा पायी ओलांडली याचा हिशेब नाही. नंतर घर औरंगाबादला आले (आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे), वडिलांना एका वर्कशॉपात काम मिळाले, आणि सायकल गावातच राहिली.

तर २०१६ साली पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा लाल गाडी त्या गल्लीतून गेली. सरळ गेली नाही, मुद्दाम खालच्या गिअरमध्ये, सायलेन्सर किंचाळवत गेली. ओट्यावरची माणसे उठून उभी राहिली. चालकाच्या डोळ्यांत पाणी होते, ते हेल्मेटमध्ये कुणाला दिसले नाही.

हे सगळे इतक्या सविस्तर सांगितले, कारण पुढे जे घडले त्यात ही गाडी म्हणजे नुसता शौक होता असे कुणाला वाटू नये.

मेहकरपर्यंत

पुढच्या वर्षी, २०१७ साली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गाडीनेच जायचे ठरले. समृद्धी महामार्ग तेव्हा झालेला नव्हता. (तो २०२२च्या डिसेंबरात शिर्डी ते नागपूर असा सुरू झाला आणि २०२५च्या जूनमध्ये पुरा झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी जुनाच रस्ता.) जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा असे करत पाचशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे चारला निघालो. मागचीने पांढरी साडी पिशवीत घेतली होती आणि अंगात पंजाबी ड्रेस होता, कारण त्या गाडीवर साडी नेसून बसणे शक्यच नव्हते.

जालन्यापर्यंत ती बोलत होती. सिंदखेडराजाला चहा प्यायलो तेव्हा ती उभ्यानेच प्यायली. मेहकरच्या बसस्थानकापाशी गाडी थांबवली तर तिला उतरताच येईना. उतरली ती कमरेतून वाकलेलीच. भिंतीला हात टेकून दहा मिनिटे उभी होती. मग शांतपणे म्हणाली, "अहो, मी एस.टी.नं येते. तुम्ही या मागून."

आणि तसेच झाले. ती नागपूरच्या एस.टी.त बसली. कारंजापर्यंत चालक त्या लाल बसच्या मागे गाडी चालवत राहिला. मागच्या काचेतून तिचे डोके दिसत होते. कारंजात बस दिसेनाशी झाली. दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी, फोन लागत नव्हते. रात्री नऊच्या सुमारास आमची गाठ पडली. तोवर तिने एकटीने रांगेत उभे राहून वंदना केली होती आणि पुस्तकांच्या दुकानांतून दोन पिशव्या भरून पुस्तके घेतली होती. त्या पिशव्या गाडीवर ठेवायला जागा नव्हती. आमच्या वस्तीतली मंडळी जीपने आली होती, त्यांच्याबरोबर पुस्तके परत आली, आणि मागचीसुद्धा.

त्यानंतर तिने लांबच्या प्रवासाला गाडीवर बसण्याचे सोडले. भांडण झाले नाही, तक्रार नाही. २०१८ला आणि २०१९ला आम्ही दोघेही दीक्षाभूमीवर गेलो. एक मित्रांच्या गाड्यांबरोबर, दुसरी महिला मंडळाच्या बसने. वेगवेगळे निघालो, वेगवेगळे पोचलो. चालकाला हे खटकले नाही, हे त्याने इथे कबूल करायचे आहे.

कंबर का धरते?

आम्ही डॉक्टर नाही, आणि प्रत्येक कंबरदुखीला गाडीच कारण असते असेही नाही. पण ही बैठक कशी असते ते समजून घेतले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीत हँडल एकसंध नसते. दोन तुकडे पुढच्या शॉकअपला खाली आवळलेले असतात. फूटरेस्ट मागे आणि वर असतात. चालवणारा त्यामुळे आपोआप पुढे झुकतो. खूप वेगात समोरचा वारा छातीला लागतो आणि धड उचलून धरतो, म्हणून शर्यतीत हातांवर भार येत नाही. आपण मात्र जालना रोडवर चाळीसच्या वेगाने जातो, दर शंभर पावलांवर ब्रेक मारतो. वारा मदतीला नसतो. मग धडाचा सगळा भार मनगटांवर येतो. चालकाच्या बोटांना तासाभरात मुंग्या येत, त्या याच कारणाने.

हे झाले पुढच्याचे. मागच्या माणसाचा विचार तर या गाडीत नावापुरताच केलेला असतो. सीट दोन तुकड्यांची. मागचा तुकडा वहीएवढा आणि पुढच्यापेक्षा वीतभर उंच. पाय इतके वर दुमडावे लागतात की गुडघे चालवणाऱ्याच्या कोपरांना लागतात. धरायला धड काही नाही, म्हणून मागच्याने हात पुढे नेऊन टाकीवर टेकायचे. ब्रेक लागला की ती सगळी पुढच्याच्या पाठीवर, आणि दोघांचा भार पुन्हा त्याच मनगटांवर. डोके वर काढावे तर वारा तोंडावर, म्हणून ते खाली घालायचे. मागची सांगते, "मेहकरपर्यंतचा रस्ता मी पाहिलाच नाही. यांच्या जर्किनची शिवण तेवढी पाहिली."

आता कायदा पाहा. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३वा नियम आहे. मोटारसायकलवर मागच्या माणसाला धरण्यासाठी पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवे, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नवी गाडी शोरूममधून आणली की आपली पोरे सर्वांत आधी काय काढून टाकतात? साडीगार्ड. दिसायला बरे नाही म्हणून. आमच्या चालकानेही काढले होते. ते माळ्यावर पडून होते, आणि ओढणी चाकात गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचत होतो.

पुस्तकांच्या पिशवीतून

२०२०च्या टाळेबंदीत सगळे घरात बसले. दीक्षाभूमीहून आणलेल्या त्या पुस्तकांतली बरीच वाचायची राहिली होती. संध्याकाळी मागची मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचे असा परिपाठ पडला. त्यात बाबासाहेबांच्या आठवणींची ती छोटी पुस्तिका निघाली. इंग्रजीत तिचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली प्रसिद्ध केली. त्यातला चाळीसगावचा प्रसंग बहुतेक वाचकांना माहीत आहे. १९२९ साली धुळ्याहून मुंबईला परतताना तिथल्या आपल्या लोकांच्या आग्रहाने बाबासाहेब मुक्कामाला उतरले. एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला माणूस मिळाला नाही. पाहुण्याला पायी नेणे बरे दिसत नाही म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग आम्ही भाषणांतून अनेकदा ऐकला होता. पण त्या दिवशी मूळ मजकुराच्या शेवटापर्यंत पोचलो. टांगेवाल्यांच्या नकाराबद्दल तर बाबासाहेबांनी लिहिलेच आहे. पण आपल्या माणसांबद्दलही, कडवटपणा न आणता, एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्याच्या ओढीत, टांग्यात बसलेल्याचा जीव त्या प्रतिष्ठेहून मोलाचा आहे हे ते विसरले, असा त्याचा आशय.

मागचीने पुस्तक मिटले. कुणी काही बोलले नाही. मुलगा म्हणाला, "पप्पा, मेहकरसारखंच." त्या पोराला मेहकरची गोष्ट कुणी सांगितली होती कोण जाणे.

मग त्या रात्री मागचीने जे सांगितले ते चालकाला ठाऊकच नव्हते. गावच्या गल्लीतून लाल गाडी गेली तेव्हा तीही गाडीवर होती. "तुम्ही सगळ्यांना सांगता, ओटे उठून उभे राहिले. मला काहीच दिसलं नाही. माझं डोकं तुमच्या पाठीत होतं. तुमचे वडील त्या गल्लीतून मान खाली घालून जायचे, आणि मीही तशीच गेले."

गाडी बदलायची हे त्या रात्री ठरले.

निवड

ठरले तरी लगेच काही झाले नाही. पैसे नव्हते, आणि चालकाचे मनही पुरते वळले नव्हते. पुढे झुकून चालवण्यात एक मजा असते हे नाकारण्यात अर्थ नाही. घाटाच्या वळणावर ती गाडी जशी झुकते आणि जशी उठते तशी जड गाडी कधीच उठणार नाही. मित्र म्हणाले, "म्हातारा झालास का?" वस्तीतले एक काका उलटेच म्हणाले, "कंबर मोडली म्हणून मऊ गादीची गाडी? आपल्या लोकांनी असा ऐषआराम करावा का?"

हा प्रश्न वर्षावासात ग्रंथपठण चालू असताना भंतेजींपुढे सहज निघाला. त्यांनी विनयातली सोणाची गोष्ट सांगितली. सोण हा चंपेच्या श्रीमंत घरचा सुकुमार मुलगा भिक्खू झाला आणि राजगृहाच्या शीतवनात चंक्रमण करताना त्याच्या तळपायांतून रक्त वाहू लागले. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांबद्दल विचारले, तो भाग सर्वांना पाठ आहे. पुढचा भाग कमी लोक सांगतात. भगवंतांनी त्याला एकपदरी पादत्राण घालण्याची मुभा दिली. सोण म्हणाला, "एकट्या मला नको. सगळ्या संघाला मुभा असेल तर मी घालीन." आणि मग सगळ्या संघाला मुभा मिळाली. काकांनी पुढे आमच्या गाडीबद्दल काही म्हटले नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात आम्ही गाड्या पाहू लागलो. यावेळी एक नियम केला. दोघांनी बसून पाहिल्याशिवाय कोणत्याही गाडीची किंमत विचारायची नाही. दुकानातला पोरगा चालकाला हँडल धरायला देई, आणि मागची आधी मागे चढून बसे. त्याला काही सुचत नसे. "मॅडम, गाडी साहेबांना घ्यायची आहे ना?"

लांबच्या प्रवासाच्या गाड्या म्हणजे एकच प्रकार नव्हे, हे तेव्हा कळले. एक प्रकार खडबडीत रस्त्यांच्या उंच गाड्यांचा. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली, तिची सीट ८०० मिलिमीटर उंच. बैठक सरळ आणि छान, पण मागचीची उंची पाच फूट एक इंच. प्रत्येक वेळी गडावर चढल्यासारखे चढावे लागे. दुसरा प्रकार बसक्या गाड्यांचा. बजाजची अॅव्हेंजर २००५ची, त्याच जातीची मीटिऑर ३५० ही २०२०ची. यांत सीट खाली, पाय पुढे, हँडल छातीकडे वळलेले. मीटिऑरची सीट ७६५ मिलिमीटर. आर-१५च्या तिसऱ्या आवृत्तीची ८१५ होती. पाच सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. पाय जमिनीवर टेकवून पाहिला की कळतो.

ताकदीचा हिशेब तर फारच गमतीचा निघाला. आर-१५ दीडशे सीसीची आणि मीटिऑर साडेतीनशेची, तरी दोन्हींची अश्वशक्ती अठरा ते वीसच्या घरात, जवळपास सारखी. मग फरक कशात? लहान इंजिन ही ताकद मिनिटाला दहा हजार फेऱ्या झाल्यावर देते; मोठे इंजिन सहा हजारांच्या आसपासच देते. आणि ओढ, म्हणजे टॉर्क, मोठ्या इंजिनात जवळजवळ दुप्पट, तीही चार हजार फेऱ्यांवर. एकट्याने सुसाट जायचे तर पहिले चांगले. दोन माणसे, दोन पिशव्या आणि चढाचा रस्ता असेल तर दुसरे बरे. सारखा गिअर उतरवावा लागत नाही, इंजिन तडफडत नाही.

शेवटी आम्ही या दुसऱ्या जातीतलीच साडेतीनशे सीसीची एक गाडी घेतली. मागे पाठ टेकायला उशी, धरायला दोन्ही बाजूंनी मुठी, अख्खे साडीगार्ड. मागची शाळेत शिकवते; तिने शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले, उरलेले पैसे जुन्या गाडीचे. नोंदणी तिच्या नावावर आहे. दुकानातल्या पोराने फॉर्म दोनदा वाचून पाहिला.

जुनी गाडी विकताना

विकणाऱ्यांसाठी एक-दोन कामाच्या गोष्टी. गाडी विकली आणि पैसे घेतले म्हणजे सुटलो असे समजू नका. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून आर.टी.ओ.त नाव बदलून घ्या. कर्ज फिटलेले असेल तर फॉर्म ३५ देऊन बँकेचा बोजा उतरवा. विकत घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. विम्यात दावा केला नसल्याबद्दलची सवलत गाडीबरोबर जात नाही, ती आपली असते, नव्या गाडीला लावून मिळते. नाव न बदलता गाडी दिली आणि उद्या अपघात झाला तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

आमची गाडी घ्यायला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा आला. बरोबर आई होती. पैसे तिच्या पदरात बांधलेले. मागची तिला म्हणाली, "ताई, आधी मागं बसून बघा." त्या माउलीने दोन वेळा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी पाय घसरला, मग ती हसत सुटली. म्हणाली, "मला कुठं बसायचंय बाई, त्याला पाहिजे." मुलाने गाडी घेतलीच. आम्ही माळ्यावरचे साडीगार्ड काढून त्याच्या हातात दिले. ते त्याने बसवले की नाही, माहीत नाही.

नव्या गाडीचे गुणदोष

नवी गाडी म्हणजे सुखच सुख असेही कुणी समजू नये. ती १९१ किलोच्या आसपास भरते. जुनी तिच्यापेक्षा पन्नास किलोंनी हलकी होती. उतारावर नाक खाली करून उभी केली तर मागे ओढताना दोघांचा घाम निघतो. पाय पुढे असल्याने खड्डा आला की दणका थेट माकडहाडाला बसतो. जुन्या गाडीवर निदान पायांवर उठता येई. कन्नडच्या औट्रम घाटात पहिल्याच खेपेला वळणावर फूटरेस्ट डांबराला घासले आणि ठिणगी उडाली, तेव्हा मागची ओरडली ती अजून कानात आहे. पेट्रोलही जास्त पिते. टाकी मोठी असल्याने ते पटकन कळत नाही इतकेच.

त्यामुळे चालवण्याची रीतच बदलावी लागली. सत्तरच्या वर जायचे नाही. दर तासाला थांबायचे. कुठे थांबायचे ते मागची सांगते, कारण आता रस्ता तिला दिसतो. हेल्मेट दोघांच्या डोक्यावर, आणि तिचेही चालकाच्या इतक्याच किमतीचे. (मागच्यासाठी टोपीसारखे स्वस्त हेल्मेट घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत.)

२०२२च्या विजयादशमीला त्याच जुन्या रस्त्याने आम्ही नागपूरला गेलो. मेहकरच्या बसस्थानकाबाहेर मुद्दाम थांबलो, चहा घेतला, बसून घेतला. येताना गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पुस्तके होती. त्यानंतर चाळीसगाव झाले, पितळखोऱ्याची लेणी झाली, अजिंठा तर दोनदा. वेरूळ आता शनिवारच्या दुपारचे झाले आहे.

गावी मात्र जायचे राहत होते. जानेवारीत, नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटवर अभिवादन करून दुसऱ्या दिवशी निघालो. मागचीने साडी नेसली होती. एका बाजूला पाय सोडून बसणे धोक्याचे, हे आम्ही दोघे मानतो. तिने साडीखाली सलवार घातली आणि दोन्हीकडे पाय टाकून ताठ बसली. गल्लीपाशी आलो तेव्हा चालकाचा हात सवयीने क्लचवर गेला. मागून खांद्यावर थाप पडली. "हळू न्या. मला बघायचंय."

गाडी पहिल्या गिअरमध्ये, धकधक करत, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गल्लीत शिरली. ओटे तसेच होते. दोन पडले होते. एकावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. कपाळावर हात धरून तिने वर पाहिले.

"कुणाची गं तू?"

मागचीने सासऱ्यांचे नाव सांगितले. अख्खे, आडनावासकट.

म्हातारीने नाव ऐकले. थोडा वेळ ती काही बोलली नाही. गाडीकडे, मग मागच्या सीटकडे पाहत राहिली.

"बसायला पाट चांगला रुंद हाय," ती म्हणाली. "चा घेता का?"

आम्ही गाडी स्टँडवर लावली.